गोकुळदासाचं पाणी

पेढा आधी आला आणि बातमी मागून आली.

चोपड्याच्या धक्क्यावर बाबाजी फेरीबोटीची वाट बघत उभा होता. अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी, पिशवीत म्हापशाच्या इस्पितळात असलेल्या बायकोचं, सुमंगलाचं, लुगडं आणि पेजेचा डबा. शिवोलीहून बोट आली ती माणसांनी भरून आली. गोव्याला त्या दिवशी राज्याचा दर्जा मिळाला होता. पोरं ओरडत होती, बोटीच्या कठड्याला कोणीतरी झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. बोटीवर दोर टाकणारा मारुती खाली उतरला, सरळ बाबाजीकडे आला आणि त्याने त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"घे रे पाखल्या. राज्य झाला."

बाबाजीने पेढा तोंडात टाकला. तेवढ्यात मारुतीने त्याचा खांदा धरला आणि तो सोडेना.

"ज्योतीन निरोप धाडलो हा," तो म्हणाला. "वयनी गेली."

"खय गेली?" बाबाजीने विचारलं. सुमंगलाला तर उठून बसतासुद्धा येत नव्हतं.

मारुतीने दुसरा हातही त्याच्या खांद्यावर ठेवला, तेव्हा बाबाजीला कळलं. तोंडात पेढा होता. तो गिळावा की थुंकावा, हे काही त्याला सुचेना. मागे पोरं नाचत होती. शेवटी त्याने तो गिळला. पुढे मारुती बिचारा कितीदा तरी म्हणाला, की शिवोलीपासून माझ्या हातात पेढा आणि तोंडात निरोप, आधी काय द्यायचं ते ठरेना, म्हणून जे हातात होतं ते आधी दिलं. बाबाजीने त्याच्यावर राग धरला नाही. मारुतीच्या जागी तो असता तर त्यालाही ठरवता आलं नसतं.

लेक ज्योती म्हापशालाच दिलेली होती. तिने आणि जावयाने मिळून आईला गाडीत घालून आणली. गाडी फेरीत चढली तेव्हा त्याच माळा होत्या, त्याच पोरांनी बाजूला होऊन वाट दिली आणि डोक्यावरच्या टोप्या काढल्या. पंचायतीची माणसं तिरंगा घेऊन आली. एकाने भाषण केलं. पंचावन्न साली या गावच्या सत्याग्रही तुकडीचं नेतृत्व एका बाईने केलं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, पण हात उचलला नाही. त्या माउलीने आयुष्यात कधी कोणावर राग म्हणून धरला नाही, असं तो म्हणाला.

"राग धरूक नाय?" शेजारची प्रभावती मागून पुटपुटली. "दूध चोरता म्हणान म्हशीवर चार-चार दिस राग धरी. ह्याका कोणी सांगितला?"

दोघी-तिघी बायका रडता रडता हसल्या. बाबाजी ऐकत होता. भाषणातली बाई कोण ते त्याला कळत नव्हतं. म्हशीवर राग धरणारी त्याला कळत होती.

पण त्याच्या मनात वेगळंच घोळत होतं. सुमंगला जाण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. इस्पितळात तो तिच्या खाटेच्या उजव्या अंगाला बसला होता. तिचा डावा कान तुरुंगातून आली तेव्हापासून बहिरा होता, त्यामुळे उजवीकडे बसायची त्याला सवय होती. तिने डोळे मिटूनच म्हटलं, "गोकुळदासाक पाणी देवचा रवला."

गोकुळदास कोण, असं त्याने विचारलं. ती तेच परत म्हणाली. बाबाजीने आजूबाजूला बघितलं. बायकांचा वॉर्ड, तिथे गोकुळदास कुठून असणार? नर्सला विचारलं तर ती म्हणाली, आजोबा, शांत बसा. दारात एक माणूस फरशी पुसत होता. बाबाजी तांब्यातलं पाणी घेऊन त्याच्याकडे गेला. "तू गोकुळदास?"

"हांव जुजे," तो म्हणाला.

"जुजे तर जुजे. पाणी पी."

जुजेने बादली खाली ठेवून पाणी प्यायलं, 'देव बरें करूं' म्हणाला आणि पुन्हा फरशी पुसायला लागला. बाबाजी परत येऊन सुमंगलाच्या उजव्या कानाशी वाकला. "दिलंय गे."

"प्यालो?"

"प्यालो."

तिने त्याचा हात धरला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता. आपण बरं काम केलं असं वाटून बाबाजी संध्याकाळी म्हशींसाठी घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पेढा खाल्ला.

आता ते पाणी त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. तिच्या लेखी ते दिलं गेलं होतं. ती तसं समजून गेली होती. आणि खरं बघता ते जुजेने प्यायलं होतं.

तेरावं झालं, ज्योती आपल्या घरी गेली, आणि बाबाजी प्रभावतीच्या ओसरीवर जाऊन बसला. प्रभावती सुमंगलाबरोबर तुकडीत होती. तुकडीतल्यांपैकी आता गावात तीच उरली होती.

"बाय, गोकुळदास कोण गो?"

प्रभावती सुपातले तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला. "तुका सांगूक नाय तिने?"

"काय सांगूक नाय?"

"ज्याने तिचो कान फोडलो, तो. चौकीवरचो पोलिस. आपल्यातलोच होतो, डिचोलीकडचो. आता पाळी गावाक ऱ्हवता. माझो भाऊ थय ट्रक चालवी, त्याने शोधून काढलेलो."

कान फुटल्यानंतरची बत्तीस वर्षं एकाच घरात, एकाच पानावर जेवल्यासारखी काढली. कान फोडणाऱ्याला नाव असेल, गाव असेल, तो कुठेतरी भात जेवत असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. कान पोर्तुगीजांनी फोडला, एवढंच त्याने धरलं होतं. आणि पोर्तुगीज तर कधीच गेले.

"त्याका पाणी कशाक?" त्याने विचारलं.

"तू इचारतंस? सगळ्यांत जास्त पाणी तूच प्यालंस मरे."

हे खरं होतं.

सुमंगलाचं माहेर बांद्याचं, म्हणजे त्या वेळच्या हद्दीपलीकडचं. तिथे सत्याग्रहींच्या छावण्या पडत. एका वर्षी माहेरपणाहून ती परत आली ती डोक्यात ते सगळं घेऊनच. गावातल्या वीसेक माणसांना तिने गोळा केलं, त्यात प्रभावतीसारख्या चार बायका, एक म्हातारा भिकू सुतार. बाजारातल्या पोलिस चौकीसमोर झेंडा घेऊन जायचं, बसायचं, आणि मारलं तरी उठायचं नाही. सगळे हो म्हणाले. पण सुमंगला म्हणाली, होय म्हणणं सोपं आहे. घरात आईने धपाटा घातला तरी आपला हात आपोआप वर जातो. मार खाणं शिकावं लागतं.

म्हणून संध्याकाळी बाबाजीच्या खळ्यात सराव सुरू झाला. मारणारा कोण? बाबाजी अंगाने गावात सगळ्यांत दांडगा, त्यामुळे पोलिस तोच झाला. गोऱ्या पोर्तुगीजाला गावात पाखलो म्हणत. बाबाजीने पोफळीच्या विरीची, गळलेल्या पानाच्या रुंद देठाची, टोपी केली, माडाच्या झावळीचा दांडा हातात घेतला आणि तो पाखलो झाला. ते नाव त्याला आजपर्यंत चिकटलं होतं. लोक ओळीने बसत, तो 'उठ, उठ' म्हणून दांडे घाली. सुरुवातीला हसून हसून कोणाला बसता येईना. सुमंगलाच्या पाठीवर दांडा घालायची पाळी आली तेव्हा त्याने तो नुसता टेकवला. ती म्हणाली, "नीट मारा. थय कोण नाटक करूचो नाय." त्याने मारलं.

शेजारपाजारच्यांना वाटे, जत्रेच्या नाटकाची तालीम चालली आहे. कोणी विचारलं नाही म्हणून बरं. विचारलं असतं तर सुमंगलाने खरं तेच सांगून टाकलं असतं, याचीच बाबाजीला धास्ती. खोटं बोलायचं नाही, हा तिचा पहिला नियम होता. दुसरा नियम पाण्याचा. सराव संपला की मारणाऱ्याने विचारायचं, 'लागला काय?' लागलं असेल तर मार खाणाऱ्याने लागला म्हणायचं, आणि मग त्यानेच मारणाऱ्याला गुळाचा खडा आणि पाणी द्यायचं. उन्हातून घरी आलेल्याला देतात तसंच. ते दिल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. मनात राग असेल तर थांबायचं, राग उतरेपर्यंत बसायचं, पण रागात पाणी द्यायचं नाही. म्हातारा भिकू कधी कधी तासभर खळ्यात बसून राही. "अजून उतरूक नाय," म्हणे. मार खाताना तर तो रोज ओरडायचा, "बाबाजी, हळू मार रे, बाबाजी!"

बाबाजी रोज वीस जणांचं गूळपाणी प्यायचा. रात्री जेवण जात नसे.

एकदा सुमंगला म्हणाली, आज तुम्ही ओळीत बसा. भिकूच्या पोराने टोपी घातली आणि बाबाजीच्या पाठीत पहिला दांडा बसला. पुढे काय झालं ते बाबाजीला नीट आठवत नव्हतं. दांडा त्याच्या हातात आला होता आणि पोरगा शेणकईत पडला होता, एवढं खरं. सगळे पोट धरून हसले. सुमंगला हसली नाही. ती म्हणाली, "तुमी पाखलेच बरे." आणि ज्या दिवशी तुकडी निघाली त्या पहाटे तिने सांगितलं, "तुमी घरात ऱ्हवा. म्हशी असत."

म्हशी असत. बत्तीस वर्षं तो हे दोन शब्द उलटून पालटून बघत होता. आपण कच्चे म्हणून तिने मागे ठेवलं, की म्हशी होत्या म्हणून ठेवलं? त्याने कधी विचारलं नाही. भांडणातसुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खरं सांगणार, याची भीती.

"बाय," तो प्रभावतीला म्हणाला, "पाळी काय लांब नाय. ती स्वता गेली कशाक नाय?"

"दर वर्षी जातंय म्हणी," प्रभावती म्हणाली. "गूळ पण बांधून ठेवी. आणि मगे म्हणी, प्रभा, अजून थोडो राग असा गो. पुढच्या वर्साक."

"तिका? राग?"

"मगे? कान तिचो गेलो, तुझो नाय."

बाबाजी घरी आला. ज्या बाईने वीस माणसांना राग गिळायला शिकवलं, तिचा स्वतःचा राग उतरला नव्हता. मग भाषण करणारा माणूस जे म्हणाला ते सगळं खोटं म्हणायचं, की तेच खरं आणि हे कायतरी दुसरं? आदल्या डिसेंबरात भाषेच्या भांडणात रस्ते अडवले होते, तेव्हा ती काठी टेकत धक्क्यापर्यंत गेली होती. पोरांच्या हातात दगड होते. दोन्हीकडच्या. ती मधे जाऊन बसली नाही की काही बोलली नाही. बराच वेळ बघत राहिली आणि येताना म्हणाली, "कोणी सराव करूक नाय." त्या वेळी बाबाजीला वाटलं होतं, ती पोरांबद्दल बोलते आहे.

त्याने ठरवलं, पाणी आपण द्यायचं. नियमाप्रमाणे, राग न धरता. तिला सांगितलेलं खरं करायचं. पण हे त्याला येतं कुठे? आयुष्यभर तो फक्त घेणाऱ्यांच्या बाजूला होता. देणाऱ्याने राग कसा उतरवायचा, हे खळ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, एक त्याला सोडून.

एका सकाळी पाऊस उघडलेला बघून तो निघाला. पिशवीत गुळाची पुडी आणि घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली. फेरी, म्हापसा, डिचोली, तिथून पाळी. बसमध्ये शेजारी कोल्हापूरकडचा एक गवंडी बसला होता. त्याने विचारलं, "कुणाकडं जायचं, मामा?" बाबाजी म्हणाला, "पाव्हण्यांकडे." दुसरं काय सांगणार?

पाळीला सगळा रस्ता तांबडा. पावसाळ्यात खाणी बंद, ट्रक एकामागे एक उभे, त्यांच्या टपांवरून तांबडं पाणी गळत होतं. म्हातारा पोलिस कुठे राहतो म्हटल्यावर दुकानदाराने बोट दाखवलं. वाटेत बाबाजी मनातल्या मनात घोकत होता. आधी तो विचारील, लागला काय. मग मी म्हणीन, लागला. मग पाणी. पण तो विचारील कशाला? त्याला नियम कोणी सांगितला? आणि त्याने नाही विचारलं तर आपण काय करायचं? पाठीत दांडा बसला तेव्हा झालं होतं तसं झालं तर? त्याने आपल्या हातांकडे बघितलं. हात म्हातारे झाले होते, पण अजून मोठे होते.

मंगलोरी कौलांचं लहान घर. ओसरीवर एक वाळका माणूस खुर्चीत बसून खोकत होता. पुढचं आयुष्य खाणीच्या वजनकाट्यावर गेलं असावं, बोटांच्या पेरांत तांबडी माती बसलेली. हा तो? बाबाजीने बत्तीस वर्षांत कधी चेहरा कल्पिला नव्हता, पण कल्पिला असता तर असा नसता.

"कोण?" म्हाताऱ्याने विचारलं.

"चोपड्यासून आयलंय."

"चोपडें! पेडण्याकडचे? या, बसा, बसा. अगे, पाणी हाड!"

बाबाजी बसला. उन्हाने आणि चढाने त्याचा घसा सुकला होता. आतून सून आली. तिच्या हातात पितळी तांब्या आणि बशीत गुळाचा खडा. बाबाजीने हात पुढे केला, गूळ तोंडात टाकला आणि तांब्या वर करून घटाघटा पाणी प्याला. खळ्यात रोज प्यायचा तसाच. तांब्या खाली ठेवला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

तो द्यायला आला होता. आणि पिऊन बसला होता.

त्याने पिशवीकडे बघितलं, मग रिकाम्या तांब्याकडे. आता काय करायचं? नियमात हे कुठे बसतं? पाणी पितो तो मारणारा. म्हणजे या घरात मारणारा कोण झाला?

"चोपड्याचे म्हणता," गोकुळदास म्हणाला, "तर एक विचारतो. तुमच्या गावात पूर्वी बाबाजी कोण होता?"

बाबाजीने आपलं नाव सांगितलं नव्हतं.

"कशाक?" तो कसाबसा म्हणाला.

गोकुळदास सांगू लागला. त्याला ऐकणारा कोणी मिळत नसावा. तो म्हणाला, पाखल्यांच्या वेळी मी पोलिसात होतो. पोटासाठी होतो, लपवत नाही. एकदा तुमच्या बाजूची माणसं झेंडा घेऊन चौकीसमोर येऊन बसली. आम्ही मारायला लागलो. मी किती लोकांना मारलं असेल, पण असं कधी बघितलं नाही. एक म्हातारा मार खाता खाता ओरडतो, 'बाबाजी, हळू मार रे!' मी म्हटलं, बाबाजी कोण? माझं नाव तर गोकुळदास. मग दुसराही तेच ओरडला. आणि कोणीतरी हसलं हो! मार खाताना हसलं.

बाबाजीला भिकू सुताराचा आवाज ऐकू येत होता.

"आमचा साहेब गोरा," गोकुळदास म्हणाला. "त्याला वाटलं, बाबाजी म्हणजे यांचा मोठा पुढारी. कुठेतरी लपून हुकूम सोडतो. त्याने विचारलं, पुढे बसलेली बाई कोण? तिला आत घ्या. आत घेतली. साहेब विचारणार, मी सांगणार. बाबाजी कोण? ती म्हणाली, माझो घोव. कुठे आहे? घरात. काय करतो? म्हशींक चारो घालता."

तो खोकला, आणि खोकता खोकता हसला.

"साहेबाला वाटलं, थट्टा करते. म्हणाला, तिला सांग, बाबाजी हा माझा नवरा असं नाव घेऊन सांग, मग मी लिहून घेतो. मी सांगितलं. ती म्हणते, घोवाचा नाव आमी घेय नाय. साहेब म्हणतो, बघ, लपवते. आता त्या पाखल्याला काय कळणार? आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला ठाऊक. माझ्या आईने कधी घेतलं नाही. मला तिथल्या तिथे कळलं, ही खरं बोलते आहे. अक्षर न् अक्षर खरं."

"मगे?" बाबाजी म्हणाला.

"मगे काय? साहेबाला समजावलं असतं तर त्याच संध्याकाळी गाडी तुमच्या गावात गेली असती. म्हशींकडच्या माणसाला उचलून आणला असता, आणि तो पुढारी म्हणून त्याची हाडं मोडली असती. मी सांगितलं नाही. म्हटलं, साहेब, बाई वेडी आहे. साहेब म्हणाला, मार. मारली. कानाखाली मारली. जास्त जोरात लागली." त्याने बोटाच्या पेरातली माती नखाने खरवडली. "तो कोण बाबाजी, त्याला हे ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. तुम्ही ओळखत असाल तर सांगा."

त्या दिवशी संध्याकाळी बाबाजी काय करत होता? म्हशींना चाराच घालत होता. रागाने पेंढा फेकत होता, आपल्याला नेलं नाही म्हणून. त्याच वेळी सुमंगला त्याच्याबद्दल खरं सांगत होती. तिने त्याला पकडून दिलं होतं की वाचवलं होतं? खोटं बोलायचं नाही म्हणून नवरा दाखवून दिला, आणि रीत म्हणून नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर कान वाचला असता. मग गाडी आली असती. आणि पोलिसांनी हात लावल्यावर बाबाजीने काय केलं असतं, ते भिकूच्या पोराला विचारा. हे सगळं तिने त्या घटकेला ओळखलं होतं, की ती फक्त नेहमीसारखी वागली होती? आणि समोरच्या माणसाने तिचा कान फोडला होता. त्यानेच बाबाजीची हाडं वाचवली होती. एकाच हाताने.

राग कुठे आहे म्हणून त्याने मनात चाचपून बघितलं. होता. पण कोणावर आहे ते कळेना. थोडा गोकुळदासावर, थोडा गोऱ्या साहेबावर, थोडा भिकू सुतारावर, आणि सगळ्यांत जास्त सुमंगलावर, की एवढं पोटात ठेवून ती गेली, आणि दर वर्षी गूळ बांधून परत सोडत राहिली.

"ती बाई," गोकुळदास म्हणाला, "असा काय अजून?"

"गेली," बाबाजी म्हणाला. "राज्य झाला त्या दिसा."

गोकुळदासाने मान खाली घातली. त्याचे ओठ हलले. आता हा विचारील, असं बाबाजीला वाटलं. लागला काय, असं आता हा विचारील. बाबाजीचा हात पिशवीत गेला, बाटलीला लागला. पण गोकुळदासाने विचारलं ते वेगळंच.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

बाबाजीने तोंड उघडलं. आपलं स्वतःचं नाव सांगायला माणसाला किती वेळ लागावा? पण ते नाव या ओसरीवर आत्ताच इतक्यांदा घेतलं गेलं होतं, की ते आपलं आहे असं त्याला म्हणवेना. सुमंगलाने जन्मभर घेतलं नाही ते नाव.

"गावात माका पाखलो म्हणतत," तो म्हणाला.

"पाखलो!" गोकुळदास हसला आणि खोकल्याने कळवळला. "अगे, बघ गे, काळो पाखलो! पाखले गेले असं कोण म्हणतं?"

आतून सूनही हसली. बाबाजी उठला. शेवटची बस जाईल, म्हणाला. सुनेने जेवून जा म्हणून आग्रह केला. गोकुळदास त्याला सोडायला पायरीपर्यंत आला आणि म्हणाला, "परत या. या बाजूला कोणी येत नाही."

संध्याकाळी फेरीतून उतरला तेव्हा प्रभावती धक्क्यावर मासे घ्यायला आली होती. तिने त्याला बघितलं आणि टोपली खाली ठेवली.

"दिलंस?"

"नाय."

"मगे केलंस काय दिसभर?"

"पिऊन आयलंय," बाबाजी म्हणाला.

प्रभावतीने कपाळावर हात मारला. "थय पण? अरे देवा! तू पाखलोच बरो."

बाबाजीने तिला काहीच सांगितलं नाही. काय सांगायचं तेच त्याचं अजून ठरलं नव्हतं. घरी येऊन त्याने म्हशींना चारा घातला, पेंढा फेकला नाही, हाताने नीट पसरला. मग भाकरी खाल्ली. बसताना सवयीने खाटेच्या उजव्या अंगाला बसला. बाटलीतलं पाणी त्याने माडाच्या मुळाशी ओतलं, कारण विहिरीचं पाणी बाटलीत शिळं होतं. गुळाची पुडी पावसाळी हवेने ओलसर झाली होती. ती त्याने डब्यात घालून घट्ट झाकण लावलं आणि फळीवर ठेवली, सुमंगला ठेवायची तिथेच.

गोकुळदासाला अजून आपलं नाव सांगायचं आहे, आणि पाणी द्यायचं राहिलं आहे.